बाजाची मालकीण

गोकुळा मारबतेला कोणी "हे होणार नाही" असं सांगितलं की ती पदर खोचायची. भांडायला नव्हे, सायकलवर बसायला. कुरखेडा तालुक्यात ती सायकल न ओळखणारा माणूस सापडणं कठीण होतं. पुढच्या दांड्याला गोळ्यांची पिशवी, मागच्या कॅरिअरला जुन्या ट्यूबने आवळून बांधलेला टेपरेकॉर्डर, आणि मधे गोकुळाबाई. जातीने ढिवर, म्हणजे मासेमार; शिक्षण सातवी. आवाज असा की तलावाच्या एका पाळीवरून हाक मारली तर दुसऱ्या पाळीवरचा माणूस हातातलं जाळं टाकून घरी येई. हे तिचा नवरा डोमा सांगायचा, आणि तो माणूस तोच असल्यामुळे त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

ती एका संस्थेत आरोग्यसेविका होती. कोणाला ताप आला की बोटाला सुई टोचायची, काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, मलेरियाची गोळी द्यायची. गावागावांत गोळ्या होत्या. पण गोळी आहे हे माहीत नसेल तर ती असून नसल्यासारखीच. तिच्या सख्ख्या बहिणीची पायल, चार वर्षांची पोर, अठ्ठ्याण्णव साली तापाने गेली. तीन दिवस ती घरात फणफणत होती आणि गोळी चार घरं सोडून एका डब्यात पडून होती. बहिणीला ठाऊकच नव्हतं. गोकुळा त्या दिवशी रडली नाही. तिला राग आला होता, आणि तो राग पुढे कित्येक वर्षं तिच्या सायकलवर मागे बसून फिरला.

त्या रागातून कॅसेट निघाली. महिन्याला एक, अर्ध्या तासाची. त्यात ताप कसा ओळखायचा, गोळी कोणाकडे मिळते, कोणत्या गावात कोणी वेळेवर रक्ताची पट्टी दिली आणि कोण वाचलं, अशा गप्पा गोकुळा आपल्या बोलीत मारायची. साठ कॅसेटी निघत. आठवडी बाजारात चहाच्या टपरीवर, गावात ज्याच्याकडे टेप असेल त्याच्या ओट्यावर त्या वाजत. लोक तिला "गोकुळाबाईची गोठ" म्हणायचे. आमच्या झाडीपट्टीत गोठ म्हणजे गोष्ट, बोलणं.

आता नुसतं बोलणं ऐकायला बाजारात कोण थांबतो? म्हणून सुरुवातीला तिने त्या वर्षी गाजत असलेलं सिनेमाचं एक गाणं टाकलं होतं. गाणं लागलं की पोरं नाचत यायची, पोरांमागे आया यायच्या, आणि आया आल्या की गोकुळा त्यांना तापाच्या गोठीत धरून ठेवायची. जाळं टाकायचं तिला माहेरापासून माहीत होतं.

कॅसेटी भरून द्यायचा वडशाचा भूपेश. त्याचं दुकान खोक्याएवढं, पण त्यात दोन डेक आणि भिंतभर कॅसेटी. दोन हजार एकच्या जानेवारीत एका कॅसेट कंपनीचा माणूस पोलिसांना घेऊन त्याच्या दुकानात शिरला. विनापरवाना भरलेली सिनेमाची गाणी जप्त करायला आला होता, आणि ती भूपेशकडे नव्हती असं भूपेशसुद्धा म्हणत नाही. त्या ढिगात गोकुळाच्या साठ कॅसेटी होत्या. एक लावून पाहिली. आधी सिनेमाचं गाणं वाजलं, मग बाईचा आवाज आला, "बाई वो, लेकराचं आंग तापलं का?" म्हणतात की हवालदाराने ती शेवटपर्यंत ऐकली आणि मग जप्त केली.

गुणवंतराव, म्हणजे संस्थेचे प्रमुख, निवृत्त हेडमास्तर होते. आयुष्यभर कोणाच्या वहीवर लाल रेघ पडू नये म्हणून जपलेला माणूस. संस्थेचं नाव ठाण्यात गेलं म्हटल्यावर त्यांना घाम फुटला.

"कॅसेट बंद," ते म्हणाले.

"गाना बंद करू ना साहेब," गोकुळा म्हणाली. "कॅसेट काऊन बंद?"

फेब्रुवारीची कॅसेट बिनगाण्याची निघाली. कुरखेड्याच्या बाजारात ती वाजली तेव्हा गोकुळा टपरीमागे उभी राहून पाहत होती. एक बाई थांबली, कान दिला, आणि सोबतच्या बाईला म्हणाली, "कोनाचं तरी भांडन चालू हाय वाटते." दोघी मिरच्या घ्यायला निघून गेल्या. अर्ध्या तासात तीन माणसं आणि एक बकरी एवढेच श्रोते झाले. बकरी टिकली.

गुणवंतराव वाईट नव्हते. त्यांनी मुदत दिली. "अक्षय तृतीयेपर्यंत कोणाचा हक्क नसलेलं संगीत आण. नाही तर टेपरेकॉर्डर जमा कर. पावसाळ्याआधी दुसरं काहीतरी पाहू." पावसाळा म्हणजे तापाचे दिवस. दुसरं काहीतरी म्हणजे भिंतीवरची पत्रकं, आणि ती वाचणार कोण? गोकुळाने पदर खोचला.

आधी ती गेली नाटक कंपनीच्या बिरजूकडे. वडशाला नाटक कंपन्यांना तोटा नाही, आणि बिरजू पेटी वाजवण्यात एक नंबर. त्याने डोळे मिटून एक चाल वाजवली. "घ्या बाई, ताजी हाय. काल रातीच सुचली." गोकुळा आनंदाने ती टेप करून घरी आली. डोमा जाळं विणत होता. चार सूर ऐकून तो पुढची ओळ गुणगुणायला लागला, पुरत्या शब्दांसकट. चाल सिनेमाचीच होती, फक्त दोन वर्षं जुनी. बिरजूने चोरली होती असंही नाही. कानात राहिलेलं आपलंच वाटतं, एवढंच. मग तिने आरतीची चाल आणली, ती एका कंपनीच्या कॅसेटवरची निघाली. देवसुद्धा कंपनीने घेऊन टाकले की काय, असं ती डोमाला म्हणाली.

शेवटी गडचिरोलीच्या कोर्टात जाऊन तिने एका वकिलाला गाठलं. वकील तरुण होता आणि पक्षकार नसल्यामुळे मोकळा होता. त्याने नीट समजावलं. "वाडवडिलांपासून चालत आलेलं, कोणी एकाने न रचलेलं संगीत घ्या बाई. त्यावर कोणा कंपनीचा हक्क नसतो. पण ते वाजवणाऱ्यांकडून लिहून घ्या, की आमच्या राजीखुशीनं रेकॉर्ड केलं आहे." त्याने कागदाचा मसुदाही लिहून दिला आणि तिच्याकडून फक्त चहा घेतला.

बिनमालकाचं संगीत! गोकुळाच्या डोक्यात लगेच कोसमटोला आला. कुरखेड्यापासून अठरा किलोमीटर आत, जंगलातलं गोंडांचं गाव. तिथला म्हातारा चैतू ढोल वाजवायला बसला की अंगावर काटा उभा राहायचा. दुसऱ्या दिवशी ती टेप घेऊन त्याच्या अंगणात हजर.

"चैतूभाऊ, मले बाजा पायजे," ती म्हणाली. "असा बाजा, का हातचं काम टाकून लोक धावत आले पायजे."

चैतूने खुंटीवरचा ढोल काढला. "तसा एकच हाय," तो म्हणाला. मग ढोल मांडीवर घेतला, आधी जमिनीला हात लावला, पुटपुटत काहीतरी म्हटलं आणि हलक्या हाताने वाजवलं. जेमतेम मिनिटभर. मधेच हात थांबवून तो म्हणाला, "अर्धाच वाजवला. पुरा नाई वाजवत."

का वाजवत नाही हे विचारायला हवं होतं. गोकुळाला घाई होती. वकिलाच्या कागदावर तिने चैतूचा अंगठा घेतला आणि अंधार पडायच्या आत सायकल दामटली. उरलेल्या अर्ध्याची उणीव भरून काढायची युक्ती तर तिला येतच होती. धाडीपासून भूपेश डेकला हात लावायला घाबरत होता, त्याला भरीस पाडून तिने एक कॅसेट भरून घेतली. अर्ध्या बाजाला तोच अर्धा बाजा जोडून त्यांनी पुरा केला. कामात अशी हुशार बाई, पण हुशारीला कधी कधी फुलस्टॉप लागतो तो असा.

बाजाराच्या दिवशी टपरीवरच्या भोंग्यातून ढोल घुमला आणि खरंच, हातचं काम टाकून लोक धावत आले. मोहफुलांच्या टोपल्या सोडून बाया आल्या, माप अर्धवट टाकून माणसं आली. गोकुळाला आनंदाने काही सुचेना. मग एका म्हातारीने भोंग्याखाली बसून गळा काढला. दुसरीने तिसरीला विचारलं, "कोन गेला? कोन्या गावचा?" लोक गाठोडी बांधायला लागले. कोसमटोल्याचा एक माणूस तर भर उन्हात अठरा किलोमीटर पळत सुटला, घरी कोण मेलं ते पाहायला.

गावात कोणी मेलं की वाजवतात तो बाजा होता. हातचं काम टाकून धावत यायचं, ते त्यासाठीच. तिने मागितलं तेच चैतूने तिला दाखवलं होतं, आणि मेलेलं माणूस नसताना तो पुरा वाजवायचा नाही म्हणून अर्ध्यावर थांबला होता. पुरा केला तो गोकुळाने.

त्या रात्री ती जेवली नाही. तिला लाज वाटत होती. आपण आयुष्यभर या लोकांच्या शेजारी राहिलो, त्यांच्याशी मासे देऊन मोह घेतला, आणि त्यांचा मरणाचा बाजा आपल्याला ओळखता येऊ नये? डोमा म्हणाला, "चार महिने तिकडं जाऊ नको. लोक इसरून जातीन." सकाळी त्याला जाग आली तेव्हा सायकल दारात नव्हती.

कोसमटोल्यात सगळं गाव चिंचेखाली बसलेलं होतं. माणूस मेलं नसताना मरणाचा बाजा पुरा वाजला, आता तो कोणाला तरी घेऊन जाईल, ही भीती सगळ्यांच्या तोंडावर होती. गोकुळा मधे जाऊन उभी राहिली. तिने सबबी सांगितल्या नाहीत.

"चूक माही हाय. चैतूभाऊनं अर्धाच देल्ला होता. मीच जोडला. ते कॅसेट मी फोडून आनली." तिने पिशवीतून टेपच्या काळ्या फितीचा गुंता काढून समोर ठेवला. "जो दंड सांगान तो देतो."

दंड ठरला एक कोंबडी आणि एक नारळ. ते देवाला देऊन बाजा परत बोलावून घ्यायचा. तिने कोंबडी सोबतच आणली होती, पिशवीत, गोळ्यांच्या शेजारी. ते पाहून दोनचार जण हसले आणि अंगावरचं ओझं थोडं उतरलं. दुसरी कोणी असती तर एवढ्यावर जीव वाचवून घरी गेली असती. गोकुळाने नारळ फुटल्यावर घाम पुसला आणि चैतूसमोर बसली.

"भाऊ, मले अजून बाजा पायजे."

चैतूला आधी राग आला, मग हसू आलं. "तुले अजून पायजे?"

"पायजेच. पान्याआधी पायजे. वकील म्हनते, ज्याचा मालक नाई असा बाजा आन."

"बिनमालकाचा?" चैतूने मागच्या जंगलाकडे हात केला. "ते मोह पाह्यले? तुले वाटते जंगलात उभे हायेत, कोनाचेच नाई. शहरातला मानूस येते, फुलं येचते, मग मार खाते. एकेक झाड एकेका घराचं हाय. पाटी नाई लावली मनून का मालक नाई?" त्याने विडी पेटवली. "बाजाचं बी तसंच हाय बाई. बिनमालकाचा पाहू नको. देनारा मालक पाहा."

गोकुळाला ते एकदम पटलं. तिच्या आयुष्यात हे फार वेळा घडलेलं नाही.

"मंग देनारा कोन?" तिने विचारलं.

यावर गावाचं बराच वेळ गोंडीत बोलणं झालं. लग्नाचा बाजा पोरींचा होता, त्यांनी नको म्हटलं. सणाचा देवाचा, तो सणाशिवाय निघत नाही. उरला जन्माचा बाजा. लेकरू झालं की पाचव्या दिवशी वाजवतात तो. तो ज्या लेकरासाठी वाजला त्या लेकराचा, गावात पुढचं लेकरू होईपर्यंत. सध्याची मालकीण होती जंगूची पोर, दहा दिवसांची. रविवारी जन्मली म्हणून नाव इतवारी.

"पुढचं लेकरू केव्हा हाय?" गोकुळाने विचारलं, कारण दोन बाया चिंचेखाली पोट सांभाळत बसलेल्या तिला दिसत होत्या.

"हे आज-उद्यात," त्यातली एक म्हणाली, आणि सगळ्या बायका हसल्या.

तेव्हा घाई करणं भाग होतं. जंगू तिशीतला, कमी बोलणारा माणूस. संस्थेच्या लोकांना आजवर त्याने दारातूनच परत पाठवलं होतं. त्याची पहिली दोन लेकरं तापात गेली होती, आणि गोळी-सुईवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. तो म्हणाला, "पोरीचा बाजा नेते तर ने. पन आमच्यात रीत हाय. जन्माचा बाजा जो नेते, त्यानं लेकराची खबर घ्याची. तिच्यासाठी मी हाक देल्ली, तर तुले यावं लागन."

"मी तर बिनहाकेची येतो," गोकुळा म्हणाली.

चैतू आणि तिघा जणांनी भर दुपारी जन्माचा बाजा वाजवला. पुरा वाजवला, आणि नाचलेही. टेपमध्ये मागून कोंबडा आरवलेला आहे, तो तसाच राहिला. मग वकिलाच्या मसुद्यावर वाजवणाऱ्या चौघांचे अंगठे झाले, आईबापाचे झाले. आता मालकिणीचा. इतवारीने मूठ आवळून धरली होती, ती काही केल्या उघडेना. शेवटी तिच्या आईने लेकराचा पाय पुढे केला. पायाच्या अंगठ्याला शाई लावून कागदावर टेकवला. तुरीच्या दाण्याएवढा ठसा उमटला. गोकुळाने त्याच्यापुढे लिहिलं, 'इतवारी जंगू, मालकीण, कोसमटोला.' त्याच रात्री दुसऱ्या घरी मुलगा झाला, पण कागदावर तारीख पडलेली होती.

गुणवंतरावांनी तो कागद चष्मा वर-खाली करत तीनदा पाहिला. "हा शेवटचा ठसा कशाचा?"

"पायाचा हाय साहेब. हात देत नव्हती."

हेडमास्तरांना हसू आवरेना. दहा दिवसांच्या पोरीची सही कायद्यात बसत नाही, ते म्हणाले, पण आईबापाचे अंगठे बसतात, वाजवणाऱ्यांचे बसतात. अक्षय तृतीयेला सहा दिवस बाकी होते. भूपेशने साठ कॅसेटी भरल्या आणि त्या कागदाची झेरॉक्स दुकानात देवाच्या तसबिरीशेजारी चिकटवली. पुढे कंपनीचा माणूस पुन्हा चक्कर मारायला आला. त्याने गोकुळाची कॅसेट उचलून विचारलं, "हे म्युझिक कोणाचं?" भूपेशने भिंतीकडे बोट दाखवलं. त्या माणसाने कागद वाचला, पायाच्या ठशाजवळ थोडा थांबला आणि कॅसेट जागेवर ठेवून दिली.

बाजारात आता ढोल वाजला की बाया हसत यायच्या. "कोनाकडे लेकरू झालं?" असं एकमेकींना विचारायच्या, उत्तर ठाऊक असूनही. आणि मग गोकुळाचा आवाज यायचा, "लेकरू झालं बाई वो, आता त्याले जगवाचं हाय." ते वाक्य तिने बसून रचलेलं नव्हतं. पहिल्यांदा टेप करताना पायल आठवली आणि तोंडातून निघून गेलं.

सप्टेंबरात नाल्यांना पूर होता. बाजाराच्या दिवशी पाऊस थोडा उघडला म्हणून जंगू मीठ घ्यायला कुरखेड्याला आला होता. मीठ तोलून होत होतं आणि टपरीवर ढोल सुरू झाला. आपल्या पोरीचा बाजा तो ऐकत उभा राहिला. त्यामागून गोकुळाचा आवाज आला, अंग तापलं असेल, लेकरू दूध ओढत नसेल, तर उद्यावर टाकू नका. जंगूच्या घरी इतवारीचं अंग कालपासून तापलेलं होतं. सकाळी तिने दूध घेतलं नव्हतं. बायको म्हणाली होती, दात येत असतील. दुकानदार सांगतो की मिठाची पुडी तशीच राहिली, माणूस गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गोकुळाच्या दारात उभा होता. कमरेएवढ्या पाण्यातून दोन नाले ओलांडून आलेला. पोरगी टोपलीत, टोपली डोक्यावर, वर प्लास्टिकचं पोतं. मागे तिची आई, ओलीचिंब.

"हाक द्याले आलो," तो म्हणाला. त्याने डोकं खाली वाकवलं.

गोकुळाने टोपली उतरवून घेतली. पोरगी निखाऱ्यासारखी तापली होती आणि डोळे अर्धवट मिटलेले होते. पायलचे डोळे शेवटी असेच होते. तिने डोमाला ओरडून पाणी आणायला सांगितलं. अर्धी गोळी चमच्यात ठेवून दुसऱ्या चमच्याने चुरली, आईच्या दुधात कालवली आणि थेंब थेंब पोटात जाईपर्यंत हलली नाही. मग पट्टी काढली, सुई काढली. पाच महिन्यांच्या लेकराच्या हाताला टोचत नाहीत, पायाच्या अंगठ्याला टोचतात. तिने तो इवलासा पाय हातात धरला, अंगठा कापसाने पुसला आणि क्षणभर थांबली.

"जंगूभाऊ," ती म्हणाली, "इथंच शाई लावली होती ना आपन?"

जंगूने मान हलवली. सुई टोचली तशी इतवारी ओरडली. केवढ्यांदा ओरडली! तलावाच्या त्या पाळीवर ऐकू जावं एवढ्यांदा. रक्ताचा थेंब काचेवर घेताना गोकुळाला रडू फुटलं. तीन वर्षं राहिलेलं रडणं होतं ते, आणि तिने डोळे पुसले नाहीत, कारण दोन्ही हात मालकिणीच्या पायाला लागलेले होते.